रश, बिड आणि खाडा

माढ्यात 'ग्रीक' हा शब्द आजवर इतिहासाच्या पुस्तकात अलेक्झांडरबरोबर यायचा आणि वार्षिक परीक्षा संपली की त्याच्याबरोबरच परत जायचा. अलेक्झांडर स्वतः बियास नदीवरून मागं फिरला. भीमा आणि सीनेच्या मधल्या आमच्या पट्ट्यात ग्रीकांचं काही काम कधी निघालं नाही. ते काढलं आमच्या ताईच्या नातीनं. पोरगी टेक्सासच्या एका विद्यापीठात शिकायला गेली आणि महिना व्हायच्या आत ताईचा ह्यूस्टनहून फोन आला, "अरे, आपली चिमी ग्रीक झाली."

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिनं हात थांबवला. "म्हंजी लग्न केलं का धर्म बदलला?"

दोन्ही नव्हतं. तिकडच्या विद्यापीठांत पोरापोरींच्या जुन्या संघटना असतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरॉरिटी. नावं दोन-तीन ग्रीक अक्षरांची. ज्या अल्फा, बीटा, थीटानं आम्हाला त्रिकोणमितीत छळलं, ती अक्षरं ही पोरं हौसेनं छातीवर छापून हिंडतात. संघटनेचं स्वतःचं घर असतं, त्यात सभासद राहतात, जेवतात, नाचतात आणि आयुष्यभर एकमेकांना बहीण-भाऊ म्हणवून घेतात. यात शिरणं म्हणजे 'ग्रीक होणं'.

फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुभाव, हे मी आईला सांगितलं खरं, पण सांगताना जरा चाचरलो. आमच्याकडं भाऊ एकत्र आले की जो शब्द तयार होतो तो भाऊबंदकी, आणि तिच्या तारखा माढ्याच्या कोर्टात पडत असतात.

चिमीशी बोलायचं तर ही भाषा शिकणं भाग होतं. तिचं मराठी बेताचं, आमचं इंग्रजी त्याहून बेताचं, आणि या दोन्हींच्या पलीकडं तिनं आता तिसरीच बोली धरली होती. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही फोन लावायचो. तिकडं शनिवारचे रात्रीचे साडेआठ. शब्द उतरून घ्यायला मी साखर कारखान्याची दिवाळीत मिळालेली डायरी घेतली. तिच्या सुरुवातीच्या पानांवर उसाच्या जाती आणि खतांच्या मात्रा छापलेल्या. को 86032 च्या खाली मी लिहिलं: पीएनएम. शेतकरी नसलेल्या माणसाला दोन्ही सारखंच परकं.

पीएनएम म्हणजे संभाव्य नवी सभासद. ऑगस्टमध्ये, कॉलेजचे तास सुरू व्हायच्या सुमारास, अशा शेकडो संभाव्य मुली टेक्सासच्या उन्हात घरोघर फिरतात. त्या आठवड्याला म्हणायचं 'रश'. अधिकृत शब्द आता 'रिक्रूटमेंट' असा आहे, पण तो फॉर्मवर. तोंडात रशच.

"गर्दी कसली? आषाढीची?" आई.

"नाही पणजी. आम्ही एका घरासमोर लाईन लावतो. मग दार उघडतं आणि दारात सगळ्या सिस्टर्स एकावर एक, अशा…" चिमीनं हातानं थर करून दाखवले. "त्या टाळ्या वाजवतात, ओरडतात, गातात. त्याला डोअर स्टॅक म्हणतात."

दारात बायकांचा थर रचून पाहुण्यांवर ओरडायचं, ही आगतस्वागताची रीत आईला पटली नाही. पण अमेरिकेत थंडी असते, ऊब लागत असेल, असा तिनं स्वतःशीच खुलासा करून घेतला. आत गेलं की एक मुलगी पाच-सात मिनिटं गोड बोलते, तेवढ्यात दुसरी येऊन अलगद तिची जागा घेते. त्याला 'बंपिंग'. कोण कुणाशी बोलणार हे आधीच ठरलेलं, त्याची तालीम झालेली. आणि बोलायचं काय? इथं मला त्या भाषेतला सगळ्यात सुंदर नियम सापडला: पाच 'बी' टाळायचे. बॉईज, बूझ, बायबल, बक्स आणि बॅलट. म्हणजे पोरं, दारू, देव, पैसा आणि मतदान. या पाचांपैकी एकही विषय काढायचा नाही. मी हे लिहून घेताना मनात माढ्याचा चौक उभा केला आणि हे पाच विषय वगळून पाहिले. उरला फक्त पाऊस. आणि तोही आमच्याकडं जूननंतर गप्पांपुरताच.

रोज घरं कमी होत जातात. काही घरं मुलीला गाळतात, काही मुलगी गाळते. शेवटच्या दिवशी उरलेल्या एक-दोन घरांत मेणबत्त्या लावून गंभीर कार्यक्रम होतो, तो 'प्रेफ'. मग मुलगी आपली पसंती क्रमानं लिहून देते, घरं आपली यादी देतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. या सगळ्यात मुलींना वाट दाखवायला 'रो गॅमा' नावाची एक थोरली मुलगी असते. ती स्वतःही एका घराची सभासद असते, पण कुठल्या घराची ते त्या आठवडाभर सांगायचं नाही, तशा खुणेचा साधा शर्टही घालायचा नाही. आचारसंहिता लागलेल्या गावात सरकारी माणूस वागतो तसं वागायचं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला. "म्हंजी दाखवायचा कार्यक्रम की गं. हिकडं पोरगी घरात बसती आन् पाव्हणं येत्यात. तिकडं पोरगीच दारोदार हिंडती, एवढंच." मग जरा थांबून म्हणाली, "पर दोन्हीकडून पसंती इचारत्यात, ते बरंय. आमच्या टायमाला एकाच बाजूची यादी व्हती."

गडबड झाली ती 'बिड'वर. घराकडून येणाऱ्या आमंत्रणाला बिड म्हणतात आणि ज्या दिवशी मुली एकदम पाकिटं फोडून, किंचाळत आपापल्या घराकडं धावत सुटतात तो 'बिड डे'. चिमी उड्या मारत म्हणाली, "पणजी, मला बिड मिळालं!" आमच्या तालुक्यात बीड म्हणजे बीड. कारखान्यांची धुराडी पेटली की तिकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आई गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. "टेक्सासातनं बीडला कशाला निघाली ही? उचल घेतली का काय?" उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, जी फेडायला अख्खा हंगाम वाढ्यावर आणि पाचटात घालवावा लागतो. मी समजावलं, की इथं उलटं आहे. इथं टोळीत शिरायला पैसे आपणच भरायचे. त्याला 'ड्यूज' म्हणतात, आणि राहणं-जेवण धरलं तर वर्षाचा आकडा हजारो डॉलरांत जातो.

"आपुनच भरायचे?" आईनं पुन्हा विचारलं. हा प्रश्न तिनं मनात ठेवून दिला, ते मला नंतर कळलं.

बिड घेतलं की मुलगी 'न्यू मेंबर' होते. पूर्वी तिला 'प्लेज' म्हणत, म्हणजे शपथ घेतलेली. मग तिला एक 'बिग' मिळते, थोरली बहीण. ती कोण हे आधी गुपित. आठवडाभर निनावी खाऊ आणि भेटवस्तू येत राहतात आणि मग एका संध्याकाळी गौप्यस्फोट. आपण तिची 'लिटल'. बिगची बिग ती 'जीबिग', म्हणजे ग्रँड-बिग. तिच्यावर 'जीजीबिग'. या सगळ्या मिळून एक 'फॅम', तिचा वंशवृक्ष भिंतीवर लावलेला.

"जीजीबिग म्हणजे माझी पणजी," चिमीनं शब्दाचा अर्थ कौतुकानं फोडून सांगितला.

"किती वर्साची हाय ती?"

"एकवीस."

आईनं आपल्या हाताच्या सुरकुत्यांकडं पाहिलं आणि शेंगा पुढं ओढल्या. पणजी व्हायला तिला किती बाळंतपणं, किती दुष्काळ आणि किती लग्नं निस्तरावी लागली होती. तिकडं चौथ्या वर्षाला पोचलं की झालं.

काही शब्द मात्र माढ्यात समजावून सांगावेच लागले नाहीत. ज्या मुलीची आई किंवा आजी त्याच घराची सभासद होती तिला 'लेगसी' म्हणतात आणि पूर्वी तिला झुकतं माप मिळे. अलीकडं बऱ्याच संघटनांनी हे बंद केलं. आमच्या जिल्ह्याच्या राजकारणात अजून तसा विचार कुणी बोलून दाखवलेला नाही. कुठल्याच घरात न शिरलेल्याला 'इंडिपेंडंट' म्हणतात. "अपक्ष," आई शेंग फोडत म्हणाली. 'फिलांथ्रॉपी'ला तिकडं अनेकवचन आहे: या शनिवारी आमची एक फिलांथ्रॉपी आहे, पुढच्या महिन्यात दुसरी. दानधर्म असा मोजून, बॅनर लावून करता येतो, हे मंडळांच्या वर्गणीवर वाढलेल्या माणसाला नवीन नाही.

एका शब्दापाशी मात्र सगळ्यांचाच आवाज उतरला. 'हेझिंग'. नव्या पोरांना छळून, दारू पाजून, अपमान करून 'आपलं' करून घ्यायचं. 2017 साली पेनसिल्व्हेनियात टिमोथी पियाझा नावाचा 19 वर्षांचा मुलगा अशाच एका रात्री दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला, तासन्‌तास कुणी मदत बोलावली नाही आणि तो गेला. आपल्याकडं त्याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात 1999 साली त्याविरुद्ध कायदा झाला आणि 2009 मध्ये हिमाचलमधल्या अमन कचरूच्या मृत्यूनंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरासाठी नियम केले. चिमीनं आधीच कागदावर सही केलेली होती, असलं काही करणार नाही आणि सोसणार नाही म्हणून. ताईनं तो कागद तिला फोनवर वाचून दाखवायला लावला. सगळा.

हे सारं सुरू झालं कुठून, हे मी वाचून काढलं. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी 5 डिसेंबर 1776 रोजी 'फाय बीटा कॅपा' काढली, गुप्त खूण आणि गुप्त हस्तांदोलनासकट. आपल्याकडं त्याच वर्षी पुरंदरचा तह झाला आणि पुण्यात राज्य चालवत होते बारभाई. म्हणजे नावापुरता बंधुभाव त्या साली दोन्ही खंडांत जोरात होता; फक्त आमच्या भावांकडं पेशवाई होती आणि त्यांच्याकडं ग्रीक व्याकरण. ती मूळची फाय बीटा कॅपा पुढं हुशार विद्यार्थ्यांच्या मानाची संस्था होऊन बसली. राहण्याखाण्याच्या, मौजेच्या फ्रॅटर्निटींचं खरं पीक न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात 1825 पासून आलं. त्या कॉलेजला म्हणूनच 'फ्रॅटर्निटींची आई' म्हणतात. मुलींच्या संघटनांना आधी मुलींची फ्रॅटर्निटीच म्हणत. सिरॅक्यूसला 1874 साली 'गॅमा फाय बीटा' निघाली; तिथल्या लॅटिनच्या एका प्राध्यापकाला ते कानाला बरं वाटेना. त्यांनी 'सोरॉरिटी' हा शब्द सुचवला.

'फ्रॅटर्निटींची आई' वाचलं आणि मला लगेच कोल्हापूर आठवलं. त्याला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम, दैवज्ञ अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात आजही ही नावं पाट्यांवर वाचत जाता येतं. आता त्याच दशकात तिकडं बघा. 1906 साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' काढली, कारण गोऱ्यांच्या घरांची दारं त्यांना बंद होती. दारं बंद असली की माणसं स्वतःचं घर बांधतात. मग ते कोल्हापूर असो की इथाका. गेल्या शतकाच्या शेवटी तिकडच्या भारतीय वंशाच्या पोरांनीही तेच केलं. 1998 या एका वर्षात 'डेल्टा फाय ओमेगा' ह्यूस्टनला, 'कॅपा फाय गॅमा' ऑस्टिनला आणि 'सिग्मा सिग्मा रो' न्यूयॉर्कला निघाली. तिन्ही दक्षिण आशियाई मुलींच्या. चिमीची एक मैत्रीण तसल्याच एका संघटनेत आहे. तिथं नव्या मुलींची 'लाईन' असते, आणि सभासद झालं की 'क्रॉस झाले' म्हणायचं. ताईला वाटत होतं चिमीनंही तिकडंच जावं, देशी मुली भेटतील. चिमी म्हणाली, "आजी, देशी मुली मला मंडळाच्या गणपतीत भेटतात. डोअर स्टॅक कुठं भेटणार?"

आणि मग तिनं मलाच धरलं. "मामाआजोबा, तुमच्या कॉलेजात काय होतं? तुमचं हाऊस कुठलं?"

आता काय सांगावं? आमच्या वेळी निवड करणारं घरच नव्हतं. जो आला तो घुसला. आमच्या आधीच्या पिढीतली गरीब पोरं शहरात 'वार लावून' शिकली, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या वारी घर मिळालं नाही त्या वारी पाणी. मग कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग उभं केलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. चिमीच्या घरात 'हाऊस मदर' म्हणून एक पगारी बाई असते. साताऱ्याच्या पोरांना लक्ष्मीबाई होत्या, भाऊरावांच्या पत्नी. पोरं त्यांना वहिनी म्हणत, आणि पोरांच्या धान्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, मंगळसूत्रसुद्धा. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा व्हायचं, त्याला 'मुष्टिफंड'. आमच्या शेजारी बार्शीला मामासाहेब जगदाळे यांनी हाच वसा घेतला. त्यांच्या बोर्डिंगात राहून शिकलेली माणसं माढा तालुक्यात गावोगाव भेटतात आणि साठी उलटली तरी ओळख करून देताना पदवीच्या आधी "मी बोर्डिंगातला" सांगतात.

माझं स्वतःचं हाऊस म्हणजे सोलापुरातली दहा बाय बाराची खोली, चौघांत. आणि आमचं बिड रोज सकाळी एसटीनं यायचं: डबा. आई पहाटे उठून भाकरी थापायची. डबा ॲल्युमिनियमचा, कडीचा. झाकणावर खिळ्यानं टोचून टोचून माझं नाव काढलेलं, त्यातला रफार कुठंच नव्हता. तो जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माढ्याच्या स्टँडवर पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचा. सोलापूर स्टँडवर गाडी लागली की आम्ही पोरं खिडकीशी. ड्रायव्हरच्या मागं दहा-बारा फडकी लटकलेली असायची, कुठल्याला तेलाचा डाग, कुठल्यातून शेंगाचटणीचा वास. वासावरून डबा ओळखता यायचा. तीन भाकरी, चटणी, पिठलं. आठवड्यातून एकदा कडक भाकरींची चळत, अडीनडीला. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत जायचा आणि त्यात चिठ्ठी असायची. "चटणी संपली." "फी भरायची आहे." एकदा नुसतंच, "पास." आई चौथीपर्यंत शिकलेली, तिला ती चिठ्ठी वाचता यायची, पण ती वाचून घ्यायची शेजारच्या मास्तरांकडून, म्हणजे गल्लीला कळावं.

ज्याचा डबा आला नाही त्याला आमच्या खोलीत म्हणायचे 'गाडी चुकली'. त्या दिवशी तीन डबे चौघांत वाटायचे. सही, शपथ, मेणबत्ती काही नाही.

पुढं नोकरीच्या परीक्षांसाठी पुण्याला गेलो तिथं नवा शब्दकोश. 'कॉट बेसिस' म्हणजे खोली भाड्यानं मिळत नाही, खाट मिळते. हॉस्टेलवर नाव नसताना मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहणारा 'पॅरासाईट'. चिमीला धक्का बसला. "तुम्ही फ्रेंडला पॅरासाईट म्हणायचात? दॅट्स सो मीन!" अगं, आम्ही कुठं म्हणायचो, तोच अभिमानानं सांगायचा: "मी पॅरासाईट आहे, तीन नंबरला." रेक्टर रात्री फेरीला आले की पॅरासाईट कपाटाआड. आज त्यांतले काही जण मोठ्या खुर्च्यांवर आहेत आणि दुसऱ्यांची अतिक्रमणं काढतात.

रविवारची 'फीस्ट', म्हणजे एक गोड आणि संध्याकाळी मेस बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द, 'खाडा'. मेस लावली की महिन्याचे पैसे आधी भरायचे, पण गावी गेलो तर तेवढ्या जेवणाचे पैसे वळते व्हावेत म्हणून खाडा सांगायचा. मेसच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असायचं: खाडा आदल्या दिवशी सांगावा, एका वेळचा खाडा धरला जाणार नाही. महिनाअखेरीला मेसवाल्या काकूंची वही आणि आमची वही यांत जो वाद व्हायचा, त्यातून पुढं स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची तयारी झाली असं आम्ही म्हणायचो.

चिमी पलीकडं काहीतरी टिपत होती. फोनमध्ये तिनं यादी केली होती, रोमन लिपीत: डबा, वार, पॅरासाईट, खाडा. तेवढं लिहून ती म्हणाली, "मामाआजोबा, तुमच्या सगळ्या वर्ड्स फूडच्याच आहेत." मला ते तोवर सुचलं नव्हतं. तिच्या डायरीभर शब्दांत आत कसं शिरायचं याचेच शब्द होते. आमच्यात शिरण्यासाठी एकही नाही. आमची पोरं आधीच आत असायची. प्रश्न असायचा जेवायचं काय.

त्यावर आईला आपला राखून ठेवलेला प्रश्न आठवला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी तोंडाजवळ धरला, त्यामुळं टेक्सासला तिचा फक्त कान दिसत असणार.

"चिमे, तुमच्या त्या घरात सैपाक कोण करतं?"

"शेफ आहे, पणजी. सोमवार ते शुक्रवार."

"आन् शनवार-रविवार?"

"वीकेंडला बंद. आम्ही बाहेर खातो."

"मग तेवढ्या दिसाचे पैसे कापून देत्यात का?"

चिमीनं तिकडं कुणाला तरी इंग्रजीत विचारलं. मागून दोन-तीन मुली हसल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नाही पणजी. ड्यूज नॉन-रिफंडेबल आहेत."

"म्हंजी खाडा न्हाई," आई म्हणाली. "घरी नीट बोलून घे त्या सैपाक्याशी. एका येळचा न्हाई धरला तर न्हाई, पर दोन दिस सलग हायेत ते. धरायलाच पायजेत."

चिमी म्हणाली, पुढच्या चॅप्टर मीटिंगमध्ये विचारते. ट्रेझरर तिची जीबिग आहे.